एका बाकावर कादंबरी आणि कागद

पालकसभेत इतिहासाच्या शिक्षकाला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे. "गुरुजी, परीक्षेत धड्यावरचेच विचारतात ना? मग पोरांना कादंबऱ्या कशाला वाचायला लावता?" विचारणारे पालक बहुतेक ऊसतोडीवरून, वीटभट्टीवरून किंवा बांधकामावरून एक-दोन दिवसांचा खाडा करून आलेले असतात. लेकरू शिकून शहाणे व्हावे म्हणून त्यांनी ते वसतिगृहाच्या स्वाधीन केलेले असते. त्याचा वेळ गोष्टी वाचण्यात जावा हे त्यांना पटत नाही. नेमका उलट आक्षेप आमचे काही व्यासंगी मित्र घेतात. इतिहास म्हणजे पुरावा आणि कादंबरी म्हणजे त्यात केलेली भेसळ. ज्या समाजाला भाकडकथांनीच शतकानुशतके जखडून ठेवले, त्याच्या मुलांच्या हाती पुन्हा कल्पित कथा देणे हा अपराध आहे, असे त्यांचे म्हणणे. स्मरणिकेच्या निमित्ताने या दोन्ही आक्षेपांना सविस्तर उत्तर देण्याची संधी आम्ही घेत आहोत.

आमचे मत असे आहे की, ऐतिहासिक कादंबरी वर्गात आलीच पाहिजे, मात्र ती एकटी येता कामा नये. तिच्या शेजारी, त्याच बाकावर, त्या काळाचा अस्सल कागद असला पाहिजे आणि दोन्ही वाचताना विद्यार्थ्याने एकच प्रश्न विचारला पाहिजे: "हे लिहिणाऱ्याला कसे कळले?" हा प्रश्न इतरांच्या कादंबऱ्यांना जितक्या करडेपणाने विचारायचा, तितक्याच करडेपणाने आपल्या लाडक्या गोष्टींनाही विचारायचा. यातली शेवटची अट सर्वांत अवघड आहे.

मुळात कादंबरी वर्गात आणायची की नाही, हा निर्णय शिक्षकाच्या हाती राहिलेलाच नाही. ती विद्यार्थ्याच्या डोक्यात आधीच येऊन बसलेली असते. मराठी माणसाने आपला इतिहास अस्सल साधनांतून फारसा वाचलेला नाही. तो त्याने पोवाड्यांतून, नाटकांतून, कादंबऱ्यांतून आणि अलीकडे दूरदर्शन मालिकांतून घेतला. थोरले माधवराव आणि रमाबाई यांच्याविषयी सामान्य वाचकाला जे 'माहीत' असते, ते पेशवे दप्तरातून आलेले नसून रणजित देसाईंच्या १९६२च्या 'स्वामी'मधून आलेले असते. पानिपतच्या रणाचे चित्र विश्वास पाटलांच्या १९८८च्या कादंबरीने रंगवलेले असते. या लेखकांचे श्रम आणि भाषेवरची पकड आम्ही नाकारत नाही. पण या साऱ्या दालनात आमचा विद्यार्थी आपल्या आजोबा-पणजोबांना शोधू लागतो, तेव्हा ते त्याला वेशीच्या दारापाशी, मशालीच्या उजेडाच्या कडेला, मुजरा करताना दिसतात. नाव असलेच तर एखाद्या ओळीपुरते. गडावर पाणी कोणी चढवले, घोड्यांची वैरण कोणी कापली, मेलेले जनावर कोणी ओढले, याचा जाब कादंबरीला कोणी विचारत नाही.

मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या 'मोचनगड'चा उल्लेख होतो. तिचे साल १८७१. त्याच १८७१ साली इंग्रज सरकारने सत्ताविसाव्या क्रमांकाचा एक कायदा संमत केला. त्याला गुन्हेगार जमातींचा कायदा म्हणतात. एकीकडे मराठी मध्यमवर्ग आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाची पहिली कादंबरी वाचत होता आणि दुसरीकडे याच देशातील काही माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कागद तयार होत होता, हा योगायोग आम्ही नववीच्या वर्गात फळ्यावर लिहितो. त्यावर फार भाष्य करावे लागत नाही.

या कायद्याच्या शेजारी आम्ही ठेवतो ती कादंबरी म्हणजे अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा'. ती १९५९ साली प्रसिद्ध झाली, १९६१मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि अण्णाभाऊंनी ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. गावाच्या जोगिणीसाठी प्राण देणारा राणोजी, दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी धान्य लुटणारा फकिरा आणि मांगवाड्याच्या मानेवर बसलेला हजेरीचा जाच, हे सारे मुले अक्षरशः एका रात्रीत वाचून काढतात. वसतिगृहातील दिवे दहाला मालवायचा नियम आहे. 'फकिरा'च्या आठवड्यात तो पाळला जात नाही आणि आम्हीही त्याकडे काणाडोळा करतो.

दुसऱ्या दिवशी कायद्याची कलमे वाचायची. त्यांची भाषा थंड आणि नेटकी आहे. सरकारने एखादी जमात, टोळी किंवा वर्ग गुन्हेगार म्हणून जाहीर करायचा, तिच्या माणसांची नोंदवही ठेवायची, परवान्याविना हद्द ओलांडू द्यायची नाही, आणि कायदा मोडल्यास कैद, दंड किंवा फटके. या जाहीरनाम्याच्या वैधतेविषयी कोणत्याही न्यायालयाने शंका घ्यायची नाही, हेही त्याच कायद्यात. पुढे १९११च्या कायद्याने व्याप्ती सबंध ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढवली आणि बोटांचे ठसे घेण्याची तरतूद केली. १९५२ साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, हा कायदा रद्द झाला. संविधान लागू झाल्यावरही तो दोन वर्षांहून अधिक काळ जिवंत होता, हे कळताच वर्गात एकदम शांतता पसरते.

आता बाकावर दोन गोष्टी आहेत. कायद्याच्या कागदात साल आहे, कलम आहे, अधिकाऱ्याचा हुद्दा आहे, परंतु हजेरीला उभ्या राहिलेल्या माणसाच्या छातीत काय चालले होते ते नाही. कादंबरीत ती छाती आहे, पण सालांचा हिशेब सैल आहे आणि नायकाच्या तोंडचे संवाद लेखकाचे आहेत. कागद खरा आणि कादंबरी खोटी, असा निवाडा मुलांनी घाईने करू नये म्हणून आम्ही त्यांना विचारतो की, हा कागद लिहिला कोणी? ज्यांच्याविषयी तो आहे त्यांना लिहिता येत होते काय? पोलिसाच्या नोंदवहीत 'दरोडेखोर' म्हणून आलेला माणूस वाड्यातल्या आठवणीत 'पोशिंदा' म्हणून येत असेल, तर इतिहासकाराने कोणाचा शब्द उचलायचा? आमच्या पूर्वजांविषयीचे बहुतांश कागद त्यांच्यावर सत्ता गाजवणाऱ्यांनी लिहिलेले आहेत. त्या कागदांना निमूटपणे पुरावा म्हणणे ही एक प्रकारची अंधश्रद्धाच होय.

अण्णाभाऊंच्या जन्माशी जोडलेली एक हकिगत पुष्कळांना ठाऊक आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावी त्यांचा जन्म झाला त्या वेळी फकिराने लुटीतले सुरती रुपये ओंजळीने बाळंतिणीच्या घरी दिले, अशी ती हकिगत. हा कोणत्या जातीचा पुरावा? कागद तर नव्हे. पण निव्वळ कल्पितही नव्हे. ती घराण्याची आठवण आहे. आठवणीला तिचे स्वतःचे वजन असते आणि तिची स्वतःची निसरडी जागाही असते. एवढे कळले तरी नववीच्या मुलाला पुष्कळ कळले.

वरच्यांनीच कागद लिहिले असेही सर्वस्वी नाही. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तो आम्ही वर्गातल्या मुलींनाच मोठ्याने वाचायला देतो. आपल्याच वयाच्या मुलीने लिहिलेला कागद इतिहासाचे साधन होऊ शकतो, ही गोष्ट पाठ्यपुस्तकाने सांगून कळत नाही.

'फकिरा'नंतर येते महाड. येथे कादंबरी तयार मिळत नाही, म्हणून ती मुलांनी लिहायची. मात्र त्याआधी त्यांनी कागद पालथे घालायचे. मुंबई विधिमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४मध्ये त्याला धरून ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पाण्याला मात्र कोणी हात लावू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली. पुढे स्पृश्यांच्या वतीने दिवाणी दावा, डिसेंबरात मनाईहुकूम, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन, आणि मग दहा वर्षांची न्यायालयीन लढाई. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्पृश्यांचे अपील फेटाळले.

या शेवटच्या निकालपत्राइतका चांगला इतिहासाचा पाठ आम्हाला अन्यत्र आढळलेला नाही. अस्पृश्यांनी तळ्याला शिवायचे नाही ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असे वादींचे म्हणणे. न्यायालयाने त्यांना जणू आमचाच प्रश्न विचारला: अनादी म्हणता, ते तुम्हाला कसे कळले? आपल्या हयातीत असे चालत आले, एवढी साक्ष देता आली. पण त्यापलीकडचा अनादिपणा वादींना सिद्ध करता आला नाही. 'पूर्वापार चालत आले आहे' या चार शब्दांवर हजारो वर्षे उभी राहिलेली भिंत एका साध्या पुराव्याच्या मागणीपुढे टिकली नाही. आमच्या मुलांनी पुराव्याची मागणी करण्याची सवय का लावून घ्यावी, याचे याहून मोठे कारण आम्हाला देता येणार नाही.

कागद वाचून झाले की प्रत्येकाने महाडच्या त्या दिवसांतील एका सामान्य माणसाची एक पान गोष्ट लिहायची. बाबासाहेबांची नव्हे, भाकरी बांधून कोकणातून पायी आलेल्या एखाद्याची. मग स्वतःच्याच पानावर दोन पेन्सिली चालवायच्या. ज्या वाक्याला कागदाचा आधार आहे त्याखाली निळी रेघ, जे मनाने रचले त्याखाली तांबडी. तांबडी रेघ म्हणजे चूक नव्हे, हे आम्हाला दरवर्षी पुन्हा पुन्हा सांगावे लागते, कारण शाळेतल्या तांबड्या शाईचा धसका मोठा असतो.

एका मुलीने डिसेंबरच्या परिषदेला आलेल्या एका बाईची गोष्ट लिहिली होती. २७ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले. लुगडे कसे नेसावे, जातीची खूण सांगणारे दागिने कसे टाकावेत, मुलींना शाळेत कसे घालावे, हे त्यांनी समजावून सांगितले. गोष्टीतली बाई घरी परतते, लुगडे घोट्यापर्यंत नेसते, आणि सासू तिच्यावर तुटून पडते की, गावातल्या बायांनी पाहिले तर आपली धडगत नाही. भाषणाखाली निळी रेघ, सासूखाली तांबडी. त्यावर मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, सासू तांबडी आहे, पण खरी वाटते." त्या दिवशीचा तास 'खरे' आणि 'खरे वाटणारे' यांतील अंतरावर गेला, आणि ठरलेला धडा राहिला. भाषणाच्या कागदात बोलणारे बाबासाहेब आहेत; ऐकणाऱ्या बायांचे घरी काय झाले ते त्यात नाही. ती रिकामी जागा मुलीने ओळखली, ती भरली आणि भरलेली आहे हे लपवले नाही. आमच्या मते ऐतिहासिक कादंबरीची एवढीच नीती आहे.

अशा रिकाम्या जागांसाठी आम्हाला तंत्रज्ञानाची फार मोलाची मदत झाली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील पुष्कळ ओव्या आज 'पारी' या संकेतस्थळावर गाणाऱ्या बायांच्या आवाजात ऐकता येतात, आणि त्यांत भीमरायाच्या ओव्याही आहेत. ज्या बायांनी कागदावर कधी अक्षर काढले नाही, त्यांचे म्हणणे त्यांच्याच गळ्यातून वर्गात येते. संगणक कक्षात ते लावले की मुली आपोआप गुणगुणू लागतात. एकीने तर सांगितले की ही चाल तिच्या आजीची आहे. अशी साधने आमच्या विद्यार्थिदशेत स्वप्नातही नव्हती. 'बहिष्कृत भारत'चा अंक पाहायला मिळावा म्हणून तेव्हा ग्रंथपालांच्या विनवण्या कराव्या लागत. आज शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड शिक्षकाच्या भ्रमणध्वनीत मावतात, आणि जुन्या अंकाचे पान भिंतीएवढे मोठे करून मुलांना दाखवता येते. वीज असली तर, हे अर्थात गृहीत धरले आहे.

त्या मोठ्या केलेल्या पानालाही प्रश्न विचारायचे असतात. 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक ३ एप्रिल १९२७चा, म्हणजे महाडनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी निघालेला, आणि त्याचे संपादक स्वतः बाबासाहेब. तो त्या लढ्याचा सर्वांत जवळचा साक्षीदार आहे. त्याचबरोबर तो लढ्यातील एका पक्षाचा आवाजही आहे. म्हणून विरुद्ध पक्षाचा दावा आणि न्यायालयाचे निकालपत्र ही त्याच्या शेजारी लागतात. जब्बार पटेल यांच्या २०००च्या चित्रपटातील महाडचा प्रसंगही आम्ही दाखवतो. एकदा आवाजासह, एकदा आवाज बंद करून. दुसऱ्यांदा मुलांना गर्दी, कपडे, तळ्याच्या पायऱ्या दिसू लागतात आणि कोणत्या वस्तूला आधार असेल यावर वाद सुरू होतो. आमच्या काही विद्यार्थ्यांच्या मनातले बाबासाहेब आजही मम्मूटीसारखे दिसतात, हे मात्र कबूल केले पाहिजे. पडद्याची ताकद ती हीच.

याच ताकदीमुळे पडदा धोक्याचाही आहे. कागदाला रंग असतो, वास असतो, कडा झिजलेल्या असतात. कादंबरीला मुखपृष्ठ आणि लेखकाचे नाव असते. पडद्यावर निकालपत्र, कादंबरीतला उतारा, कोणीतरी काल रात्री रचलेला मजकूर आणि यंत्राने काढलेले चित्र ही चारही एकाच अक्षरात, एकाच चौकटीत, एकाच झगमगाटात येतात. रमाईंच्या किंवा बाबासाहेबांच्या नावाने फिरणारी हृदयद्रावक पत्रे आपण सर्वांनी वाचली आहेत आणि डोळे पुसत पुढे पाठवली आहेत. मुलांना आम्ही एवढेच शिकवतो की, पत्राची तारीख पाहा, त्या तारखेला लिहिणारा कोठे होता ते पाहा, आणि हे पत्र कोणत्या छापील संग्रहात आहे ते विचारा. बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ऑक्टोबर १९३०मध्ये मुंबईहून निघाले. त्याआधीच्या एखाद्या उन्हाळ्यातल्या तारखेचे 'गोलमेज परिषदेहून लिहिलेले' पत्र कोणी पाठवले, तर डोळ्यांत पाणी येण्यापूर्वी दिनदर्शिका उघडावी. रमाईंविषयी बाबासाहेबांच्या मनात काय होते हे सांगायला पाकिस्तानवरील त्यांच्या ग्रंथाची अर्पणपत्रिका आहे. ती अस्सल आहे, चार ओळींची आहे, आणि कोणत्याही बनावट पत्राहून अधिक हलवून सोडणारी आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला 'महाडचा प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त लिही' म्हटले की ते क्षणात लिहून देते. ओघवते, भावपूर्ण, अवतरणचिन्हांसह. आम्ही ते यंत्र वर्ज्य केलेले नाही. त्याचे पान छापून काढतो आणि मुलांच्या हाती दोन पेन्सिली देतो. बहुतेक पान तांबडे होते. ज्या मुलीने सासूखाली प्रामाणिकपणे तांबडी रेघ ओढली, तिच्यात आणि या यंत्रात हाच फरक आहे की यंत्र आपली तांबडी वाक्ये निळ्या रंगात लिहिते.

येथवर आमच्या वाचकांपैकी कोणाचा विशेष मतभेद होऊ नये. मतभेद होतो तो पेन्सिली आपल्या घरात शिरतात तेव्हा. भीमा कोरेगावच्या स्तंभाचे उदाहरण घेऊ. जानेवारी आला की पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशव्यांना कापून काढले, अशा मजकुराचे फलक सर्वत्र लागतात. १ जानेवारी १९१८ला नव्हे, १ जानेवारी १८१८ला ही लढाई झाली, इतकी साधी दुरुस्तीही काही फलकांवर करावी लागते. स्तंभावर मृतांची नावे कोरलेली आहेत. ४९ नावे, त्यांपैकी 'नाक' हा महारांच्या नावाचा ओळखीचा शेवट असलेली २२. इतर नावांत मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत. कंपनीच्या तुकडीत सुमारे आठशे माणसे होती आणि ती नाना जातींची होती. पेशव्यांचे सैन्य मोठे होते, परंतु ते सर्वच्या सर्व त्या दिवशी गावात लढायला उतरले नव्हते, आणि उतरलेल्यांत अरब शिपाई होते. बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभाला भेट दिली, ती फलकावरच्या आकड्यांसाठी खचित नव्हे. ज्यांना गावात पाऊल टाकताना थुंकीचे मडके गळ्यात बांधावे लागे असे आपण सांगतो, त्यांची नावे पाषाणावर, इतर सर्व सैनिकांच्या रांगेत, कोरली गेली. ती २२ नावे स्वतः उभी आहेत. त्यांना फुगवलेल्या आकड्यांचा टेकू देणे म्हणजे त्यांच्यावर आपलाच विश्वास नसल्याची कबुली देणे आहे.

हे वर्गात बोललो त्या वर्षी एका कार्यकर्त्या बांधवाने आम्हाला रस्त्यात थांबवून विचारले, "सर, शत्रू आपला इतिहास पुसायला बसला आहे, आणि तुम्ही आपल्याच पोरांना आपल्याच इतिहासावर शंका घ्यायला शिकवता?" प्रश्नातली कळकळ खरी होती. आमच्या पिढीने स्वाभिमानाचा पहिला घोट जलशांतून, गाण्यांतून आणि अशाच फलकांतून घेतला. त्यांचे ऋण आम्ही विसरलेलो नाही. पण जी मुले उद्या विद्यापीठात, न्यायालयात, वृत्तपत्रांत आपल्या समाजाची बाजू मांडणार आहेत, त्यांच्या हाती एक जरी फुगवलेला आकडा दिला, तर समोरचा तेवढा एकच आकडा उचलून त्यांच्या उरलेल्या सर्व सत्याला खोटे ठरवील. हा धोका शत्रूच्या पुसण्याहून लहान नाही.

आणि लाडक्या कथेला प्रश्न विचारण्याचा धडा आम्हाला कोणी परक्याने दिलेला नाही. तथागतांनी कालामांना काय सांगितले ते या वसतिगृहातील प्रत्येक मूल जाणते. बाबासाहेबांनी तर तो प्रश्न खुद्द तथागतांच्या चरित्राला विचारला. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसले आणि सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा अवघ्या बौद्ध जगाची लाडकी. १९५७मध्ये, महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या धम्मग्रंथात बाबासाहेबांनी ती बाजूला ठेवली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, रोगी किंवा प्रेत पाहिलेच नव्हते हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले, आणि त्या जागी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत पेटलेला संघर्ष व युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध ठेवला.

हा प्रसंग आम्ही दहावीच्या मुलांना तीन साधने पुढे ठेवून शिकवतो. पहिले सुत्तनिपातातले अत्तदण्डसुत्त. त्यात उथळ पाण्यातल्या माशांप्रमाणे एकमेकांशी झगडणारी माणसे पाहून आपल्या मनात भय कसे दाटले, हे तथागत सांगतात. तेथे रोहिणीचे नाव नाही. रोहिणीच्या पाण्याचे भांडण अट्ठकथांत येते, आणि तेथे ते बुद्धत्वप्राप्तीनंतरचे आहे. दुसरे साधन गोमंतकातून निघून सिंहलद्वीपापर्यंत गेलेले आणि पाली शिकून आलेले धर्मानंद कोसंबी. १९४०च्या सुमारास 'भगवान बुद्ध' या मराठी ग्रंथात त्यांनी सुत्ताच्या आधारे गृहत्यागाची कारणे तपासली, आणि पुढे त्याच विषयावर 'बोधिसत्त्व' हे नाटकही लिहिले. इतका काटेकोर पंडित नाटकाकडे वळला, याचे आमच्या मुलांना फार नवल वाटते. तिसरे अर्थातच बाबासाहेबांचा ग्रंथ. सुत्त, नाटक आणि धम्मग्रंथ एका बाकावर ठेवले की आधार कोठे संपतो आणि जोडकाम कोठे सुरू होते, ते दहावीतला मुलगाही दाखवू शकतो. असे दाखवल्याने कोणाची श्रद्धा ढळल्याचे आमच्या पाहण्यात नाही. उलट, चार दृश्यांच्या कथेवर कधीच प्रश्न न पडलेल्या मुलांनी रोहिणीच्या पाण्यापासून चवदार तळ्याच्या पाण्यापर्यंतची रेघ स्वतः ओढली.

जोडकाम करण्याचा अधिकार बाबासाहेबांनी इतिहासकाराला उघडपणे दिलेला आहे, ही गोष्ट आमच्या त्या व्यासंगी मित्रांनी लक्षात घ्यावी. अस्पृश्यांच्या मूळाविषयीच्या १९४८च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते म्हणतात की, साखळीतले दुवे हरवले असतील तेथे कल्पनाशक्तीने आणि तर्काने ते जोडावेत. फुटक्या दगडांवरून नगर उभे करणाऱ्या पुरातत्त्वज्ञाचे आणि विखुरलेल्या हाडांवरून नष्ट झालेला प्राणी ओळखणाऱ्या शास्त्रज्ञाचे उदाहरण ते देतात. गॉर्कीचा दाखलाही देतात. परंतु त्याच ठिकाणी आपला सिद्धान्त अंतिम असल्याचा दावा आपण करत नाही, असेही ते सांगून टाकतात. निळी आणि तांबडी पेन्सिल आम्ही शोधून काढली असे कोणी म्हणतो, तेव्हा आम्ही त्याला ती प्रस्तावना वाचायला देतो.

आता माजी विद्यार्थ्यांकडे आणि पालकांकडे एक मागणे. या साऱ्या उपक्रमात मुलांना कमी पडतो तो त्यांच्या स्वतःच्या घरचा कागद. तो नाही असे सगळे सांगतात, आणि पेटी उघडली की निघतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, ज्यावर जात लिहिण्याची जुनी पद्धत दिसते. महारकी वतनाच्या जमिनीचा उतारा किंवा वतन गेल्यानंतरची नोटीस. १९५६च्या ऑक्टोबरात नागपूरला गेलेल्या कोणाचे पोस्टकार्ड, प्रवासाचे तिकीट, छायाचित्र. आंबेडकरी जलशाच्या गाण्यांची वही. बौद्ध पद्धतीने झालेल्या पहिल्या लग्नाची पत्रिका. गिरणीतला हजेरीचा बिल्ला. ज्यांच्या घरी कागद नाही पण आजी आहे, त्यांनी आजीचे बोलणे भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करून आणावे. सुरुवातीला तिचे नाव, गाव आणि त्या दिवसाची तारीख तिच्याच तोंडून यावी.

मूळ कागद आम्ही ठेवून घेणार नाही. संगणक कक्षात त्याची प्रतिमा घेऊन तो त्याच दिवशी हाती परत दिला जाईल. कागद आणताना घडीवर घडी घालू नये, चिकटपट्टी लावू नये आणि कृपा करून त्यावर प्लास्टिकचे आवरण चढवून आणू नये. छायाचित्रातली माणसे ओळखणारे कोणी घरात असेल, तर त्यांना विचारून नावे वेगळ्या चिठ्ठीवर लिहावीत, आणि जे नाव नक्की आठवत नाही त्याखाली तांबडी रेघ ओढावी.